निम्मं बसतंय

'व' या एका अक्षराने माझं दीड वर्ष खाल्लं. मी मराठी शिकवत नाही, जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे व्याकरणाशी माझं काही वैर असायचं कारण नव्हतं. पण विश्रामबागेतल्या ज्या चार मजली इमारतीत आमचा क्लास आहे तिच्या तळमजल्यावर, लिफ्टला अगदी लागून, एक निळी पाटी आहे : 'दिव्यांग व विद्युत वाहनांसाठी राखीव'. एका कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र, दुसऱ्या कोपऱ्यात प्लगचं. बहुधा दोन वेगळ्या जागा ठेवायच्या होत्या आणि बांधणाऱ्याने एकीतच भागवलं. पाटीखाली एका मोटारीपुरती जागा, भिंतीवर चार्जिंगची पेटी, आणि पेटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले ते.

त्यांना सगळे 'कंट्रोलर' म्हणायचे. नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथेही वापरत नाही. कराडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर सांगलीला मुलीकडे आले, घरात बसवेना म्हणून आमच्या इमारतीत पार्किंगवर लागले. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्यांनी कधी वाजवली नाही. गाडी बाहेर काढायची असली की किल्ल्यांचा जुडगा लोखंडी खांबावर दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, "डबल!" एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी सुटते, तसं. एकदा आपटला तर थांबायचं. नवीन माणसाला यातलं काहीच कळत नसे, आणि तो मागे-पुढे करत राही.

कुणाची गाडी वाटेत आडवी असली की ते स्टीलचा तांब्या तोंडासमोर धरत आणि घोषणा करत. एरवी अस्सल गावाकडचं बोलणारा हा माणूस तांब्यात मात्र शुद्ध बोलायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर लागलेल्या पांढऱ्या गाडीच्या चालकांनी जिथे असतील तिथून त्वरित यावे." तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन खाली धावत येत. त्यांची गाडी पांढरी नव्हती, पण आवाजच असा होता की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

आता माझं सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, उजव्या हातात काठी, आणि मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. माझ्या पायाबद्दल कुणी कळवळून बोललं की मला तिडीक येते, आणि कुणी बघून न बघितल्यासारखं केलं तरी येते. माझ्यासोबत काम करणं सोपं नाही हे मला मान्य आहे. पण लिफ्टपाशी गाडी लावता आली तर मी क्लासमध्ये वेळेवर आणि माझ्या पायांनी पोचते, आणि नाही लावता आली तर रस्त्यापलीकडून गटारावरच्या हलत्या फरशीवरून यावं लागतं. त्यामुळे पाटी बघून पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं. मी सरळ गाडी आत घेतली. जुडगा एकदा वाजला.

"ताई, पाटी वाचली का?"

"वाचली. दिव्यांगांसाठी राखीव आहे." मी काठी दाखवली. मला ती दाखवावी लागली याचाच राग आला होता.

"फुडं वाचा."

"व विद्युत वाहनांसाठी."

"मंग? तुमची गाडी पेट्रोलवर हाय. 'व' म्हणलंय, ताई. 'किंवा' न्हाई म्हणलेलं. दोन्ही पायजे. तुमचं निम्मं बसतंय."

मी आधी हसले. चेष्टा असेल असं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र गाडी चाळीस मिनिटं उशिरा धावते आहे असं सांगताना असावा तसा शांतपणा होता. मग मी रागावले. पाटीचा अर्थ असा नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल, असं काहीबाही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबा. बसवू आपण."

खिशातून त्यांनी बटणांचा जुना मोबाइल काढला. चार्जिंगच्या पेटीखाली एक साधं सॉकेट होतं, त्यात चार्जरची पिन घातली, लांब वायर सोडत माझ्या स्कूटरपर्यंत आणली, आणि मोबाइल पुढच्या कप्प्यात ठेवला. स्क्रीनवर बॅटरीचं चित्र हलायला लागलेलं नीट वाकून पाहिलं.

"आता गाडीला वीज लागली. विद्युत वाहन झालं. लावा."

त्या दिवसापासून दररोज सकाळी साडेनऊला हा सोहळा व्हायचा. मी यायचे, जुडगा एकदा वाजायचा, पाटी वाचली जायची, माझं निम्मं बसायचं, मोबाइल लागायचा, पुरं बसायचं, जुडगा दोनदा. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून माझ्याच वर्गातल्या मुली हे बघायच्या आणि मी लिफ्ट गाठेपर्यंत आत पळायच्या. हा माणूस मला मदत करतोय की माझी थट्टा मांडतोय, हे मला दीड वर्षात ठरवता आलं नाही. ठरवायला गेले की दुसऱ्या दिवशी ते असं काही करायचे की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसऱ्यांच्या बाबतीतही तेच. पाय प्लास्टरमध्ये घालून एक गृहस्थ आले तर त्यांना विचारलं, "कायमचं का हंगामी?" हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे विजेवरची गाडी घेऊन कुणी आलं की, "निम्मं बसतंय, फुडं घ्या." एकाने गाडीत मागे बसलेल्या म्हाताऱ्या आईकडे बोट दाखवलं. तिला त्यांनी स्वतः हात धरून उतरवलं, लिफ्टपर्यंत सोडलं, परत आले आणि मुलाला म्हणाले, "आईचं काम झालं. आता तुमी धडधाकट हाय. डबल!" आणि एकदा साध्या पेट्रोलच्या गाडीतून, कानाला यंत्र लावलेले एक मास्तर आले. त्यांना बघून कंट्रोलर पेचात पडले. कानातलं यंत्र बॅटरीवर चालतं, मग ते विजेत धरायचं की अपंगत्वात, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांनी तो मास्तरांनाच विचारला. मास्तरांना ऐकू गेलं नाही. शेवटी मास्तर कंटाळून रस्त्यावर गाडी लावून आले.

राखीव जागेत त्यांचा रुमाल असायचा. चौकड्यांचा, लालसर, एका कोपऱ्यावर अर्धी वीट. एसटीने फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, मग तो माणूस रसवंतीत रस पीत उभा असला तरी चालतं. मोटारींच्या पार्किंगमध्ये हा कायदा लागू पडावा असं कुठेच लिहिलेलं नाही. पण आमच्याकडची माणसं भारी गाड्या घेऊन यायची, रिकाम्या जागेकडे वळायची, जमिनीवर रुमाल बघायची आणि मुकाट्याने गाडी मागे घ्यायची. पाटीशी हुज्जत घालणारे पुष्कळ होते, रुमालाशी कुणी घातली नाही. माझा सोहळा पार पडला की ते रुमाल उचलून झटकत आणि खांद्यावर टाकत. मी संध्याकाळी निघाले की पुन्हा अंथरत.

"कुणाचा आहे हो हा रुमाल?" मी एकदा विचारलं.

"ज्याची जागा त्याचा."

"आणि जागा कुणाची?"

"पाटीवर लिवलंय की." झालं, पुन्हा पाटी.

एके दिवशी आमच्या क्लासमध्ये पालकांची सभा होती. मला बोलायचं होतं, पावणेदहाला. मी आले, मोबाइल लागला, आणि बॅटरीचं चित्र हलेना. कंट्रोलर वाकले, डोळे बारीक करून पाहिलं. "फुल हाय. चार्ज घेत न्हाई. जरा थांबा ताई, खपवतो." आणि मोबाइल खपवण्यासाठी त्यांनी कराडच्या घरीच राहिलेल्या बायकोला फोन लावला. तिकडे वांग्याचं काय केलं, वीज किती वेळा गेली, अशी चौकशी सुरू झाली. मी स्कूटरवर बसून. वर गॅलरीत मुली होत्याच, आता त्यांच्या शेजारी त्यांचे आईबापही होते. सगळे बघत होते, की जीवशास्त्राच्या मॅडम एका मोबाइलची बॅटरी उतरायची वाट बघतायत.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं. "मी तुमची तक्रार करणार आहे!"

कंट्रोलरनी फोन बंद केला. ते असे सरळ उभे राहिले की मला वाटलं आता हेही ओरडणार. ते म्हणाले, "तक्रार वही पायजे? देतो की. मागितली की द्यायचीच, नियम हाय."

खुर्चीखालच्या पिशवीतून त्यांनी शंभर पानी वही काढली. वर सुंदर अक्षरात 'तक्रार व सूचना' लिहिलेलं. आत एक अक्षर नाही. इमारतीत अशी वही ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खिशातलं एक पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं.

"सोसायटीच्या अध्यक्षांना लिवा. तारीख घाला. वेळ घाला, न्हाईतर अर्ज बाद हुतो. स्थळ. गाडी क्रमांक. आता, कर्मचाऱ्याचं वर्तन कसं वाटलं?"

मी लिहीत होते. हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. "काय लिहू?"

"'उद्धट' लिवा. त्यो शब्द वरचे लोक लवकर वाचत्यात."

"तुम्ही उद्धट नाही हो."

"मंग काय हाय?"

मला शब्द सापडेना. तऱ्हेवाईक लिहावं तर ती तक्रार होत नाही. त्रासदायक म्हणावं तर रोज लिफ्टपाशी गाडी लागत होती. वर सभा खोळंबली होती. मी 'उद्धट' लिहिलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं, "बरोबर हाय," म्हणाले, पान फाडून घडी घातली आणि अध्यक्षांच्या दुकानात स्वतः देऊन आले.

अध्यक्षांचं तळमजल्यावर फरश्यांचं मोठं दुकान. मूळचे विट्याकडचे, गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात पुष्कळ वर्षं दक्षिणेत काढून परत आलेले. बोलायला गोड माणूस. आठ दिवसांनी मी आले तर खुर्ची नव्हती, रुमाल नव्हता. निळ्या पाटीखाली हिरव्या नंबरची कोरी करकरीत मोटार उभी होती, आणि अध्यक्ष तिच्या काचेवरची धूळ पुसत होते.

"मॅडम, तुमच्या तक्रारीची लगेच दखल घेतली बघा. लय शिरजोर झाला होता म्हातारा. मलाच निम्मं बसतंय म्हणायचा, माझ्याच बिल्डिंगीत!"

"मग ही गाडी?"

"विद्युत हाय की!" ते हसले. "पाटी वाचा."

माझी स्कूटर रस्त्यापलीकडे गेली. मी हसणं-रागावणं सगळं करून पाहिलं, अर्ज दिला, तोंडी सांगितलं. अध्यक्ष दर वेळी चहा पाजत आणि "बघूया" म्हणत. त्यांची गाडी चार्ज होऊन गेली तरी तिथेच उभी असे. पावसाळ्यात गटारावरच्या त्या फरशीवर माझी काठी सरकली आणि मी पडले. कॅलिपरचा पट्टा तुटला, मनगट सुजलं. चार माणसांनी उचललं. आणि त्या चौघांच्या हातात लोंबकळत असताना माझ्या मनात काय यावं? तो जुना मोबाइल आला. त्या माणसाने दीड वर्षात मला एकदाही हात लावून उचललं नव्हतं, "बिचारी" म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. लोकांना वाटलं मनगट दुखतंय.

कंट्रोलर कराडला परत गेले होते. मनगट थोडं बरं झाल्यावर एका रविवारी मी एसटीने गेले. स्टँडवर विचारलं तर तिकडचे लोक अजून त्यांना ओळखत होते. घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत, खिडकीतून घोषणा ऐकू येईल इतकं जवळ. ते खिडकीत बसून त्या घोषणा दुरुस्त करत होते.

"'सुटेल' म्हणतोय. 'सुटणार आहे' म्हणायचं," ते मला बघून म्हणाले, जणू मी कालच येऊन गेले होते. "या ताई. गाडी वेळेवर हुती का?"

त्यांच्या बायकोने चहा आणला. "ह्याच व्हय तुमच्या निम्म्या बसणाऱ्या ताई?" तिने विचारलं आणि तोंडाला पदर लावला. मी पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. चूक झाली, तुमची नोकरी गेली, तो शब्द मी मागे घेते.

"घेता येत न्हाई," ते म्हणाले. "खाडाखोड केली की अर्ज बाद."

"अहो, पण तुम्ही असं का करायचात? 'व' चा अर्थ तुम्हाला खरंच तसा वाटत होता?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "ताई, ईष्टीत राखीव शीट असतंय का न्हाई? तिथं धडधाकट माणूस बसतोय. आन् अपंग माणूस चढला की झोपेचं सोंग घेतोय. जलमभर बगितलंय मी. म्हणून म्हणलं, आपल्या ताब्यात एक शीट आलंय, त्ये रिकामं ठेवायचं. 'किंवा' वाचलं असतं तर हिरव्या पाट्यांची रांग लागली असती. 'व' वाचलं, म्हणून एक बी आत आली न्हाई."

"आणि मी?"

"तुमाला तसंच सोडलं असतं तर दुसरा म्हणला असता, बाईला सोडता मंग मला का न्हाई? सगळ्यांसमोर नियम मोडता येत न्हाई. मंग सगळ्यांसमोर पुरा करायचा. त्येला काय, एक वायर लागती."

हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं की चहा पिता पिता सुचलं, मला अजून सांगता येणार नाही. त्यांच्याकडे बघून काही कळायचं नाहीच. 

"जागा रिकामी हाय न्हवं अजून?" त्यांनी विचारलं. हा एकच प्रश्न त्यांनी खरा विचारला. त्यांचा चेहरा बघून मला खरं बोलवेना.

"हो, रिकामीच आहे."

"आन् तुमी गाडी कुठं लावता?"

"तिथंच."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मनगटाच्या पट्टीकडे, मग कॅलिपरच्या नव्या पट्ट्याकडे.

"जागा रिकामी हाय, व तुमची गाडी तिथं हाय," ते हळूच म्हणाले. "ताई, निम्मं बसतंय."

  बाहेर सातारा गाडीची घोषणा झाली, ती त्यांनी दुरुस्त केली नाही. निघताना त्यांनी खुंटीवरचा चौकड्यांचा रुमाल काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या पर्समध्ये नेऊन ठेवला. "धुतल्याला हाय," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी आठ वाजताच इमारतीत गेले. जागा मोकळी होती. रुमाल अंथरला, कोपऱ्यावर अर्धी वीट ठेवली, आणि स्कूटर बाजूला घेऊन तिच्यावरच बसून राहिले. नऊच्या सुमारास हिरव्या नंबरची गाडी आत आली आणि रुमालाच्या हातभर अलीकडे थांबली. अध्यक्षांनी काच खाली केली. रुमालाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.  "पाटी वाचा. तुमचं निम्मं बसतंय."

"आवं मॅडम, मंग तुमचं तरी कुठं पुरं बसतंय?"

मी पर्समधून माझा मोबाइल आणि लांब वायरचा चार्जर काढला. चार्जरची पिन सॉकेटमध्ये घातली, वायर स्कूटरपर्यंत आणली, मोबाइल पुढच्या कप्प्यात ठेवला. वर गॅलरीत मुली आल्या होत्या, मी मुद्दाम वर बघितलं. बॅटरीचं चित्र हलायला लागेपर्यंत सगळेजण थांबलो, अध्यक्षसुद्धा.

मग मी स्कूटरची किल्ली खांबावर दोनदा आपटली. अध्यक्षांनी अजून एकदा रुमालाकडे बघितलं आणि गाडी मागे घेतली.